मे महिन्यातली एक दिवसाची सहल: या चुका टाळा

पोरांच्या परीक्षा आटोपल्या की घराघरांत एकच टूम निघते: "रविवारी कुठेतरी जाऊ या." आमच्या गोतावळ्यात 'कुठे' आणि 'कसं' ठरवायचं काम वीसेक वर्षं माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे कुणाची सहल फसली की संध्याकाळचा फोनही मलाच येतो. दरवर्षी माणसं बदलतात, चुका त्याच. कंटाळून शेवटी लिहून काढतोय.

"नाश्ता करून निघू"

सगळ्या घोटाळ्यांची ही आई. एप्रिल-मे मध्ये हिंडायचा दिवस सकाळी नऊला संपतो आणि दुसरा साडेचारला सुरू होतो. मधला वेळ सावलीत लोळायचा. हे लोकांना सांगून पटत नाही, एकदा भाजल्यावर पटतं.

काही वर्षांपूर्वी साडूंच्या कुटुंबाबरोबर सिंहगड ठरला. पुण्याहून तीस-पस्तीस किलोमीटर, आतकरवाडीतून पायी चढायचं. सकाळी सहाला भेटायचं होतं. सव्वासहाला फोन केला तर, "आलोच हो भावजी, पोहे होतायत." पोह्यांवर चहा झाला, मग धाकट्याची टोपी सापडेना. आम्ही पायथ्याशी उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. सात माणसांत पाण्याच्या बाटल्या तीन, आणि त्यातली एक गाडीतच राहिली.

गडाच्या त्या वाटेवर मे महिन्यात सावली म्हणाल तर अधूनमधून एखादं झुडूप आणि सरबतवाल्याचं छप्पर. अर्ध्यावर साडूंचा आठ वर्षांचा मुलगा दगडावर बसला तो उठेना. कानाच्या पाळ्या लालभडक, ओठ कोरडे, आणि सकाळचे ते लाडके पोहे सगळे बाहेर. सरबतवाल्याच्या छपराखाली त्याला आडवं केलं, पंचा भिजवून मानेवर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभरानं गडी सावरला आणि आम्ही तिथूनच खाली उतरलो. वरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही राहिलं ते राहिलंच. साडू खाली येईपर्यंत म्हणत होते, "यंदा ऊन जरा जास्तच आहे." ऊन तेवढंच होतं हो, आपण चार तास उशिरा आलो होतो.

(एक गोष्ट इथेच सांगतो. माणूस तापलाय, बरळतोय, धड उभा राहत नाहीये, तर पन्हं पाजत बसू नका. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखाना गाठा.)

माझी पद्धत अशी: पिशव्या रात्रीच गाडीत. पोरं सहलीच्याच कपड्यांत झोपतात. सकाळी फक्त चहा, आणि पोरांना दूध-बिस्किट. नाश्ता गडावर किंवा झाडाखाली, सात वाजता. सव्वापाचला गाडी हलते. जो फाटकाशी नाही तो घरी. बायको म्हणते हा हेकटपणा आहे. आहेच.

भर दुपारी 'अजून एक स्पॉट'

मोबाईलवर रील बघून एका दिवसात चार ठिकाणं ठरवणाऱ्यांना मी हात जोडले आहेत. एक ठिकाण पुरतं. साडेनऊनंतर वड-आंबा काहीही बघा आणि सतरंजी पसरा. वड असेल तर सूरपारंब्या, नसेल तर लगोरी. फुटक्या कौलांचे तुकडे कुठेही मिळतात.

दुपारी उन्हात जायचंच असेल तर पाच मिनिटं जा, आणि तेही तारीख बघून. पुण्यात साधारण १३ मेच्या आसपास आणि मुंबईत १५ मेच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. पुण्यात हा क्षण बाराच्या ठोक्याला येत नाही, साडेबाराच्या सुमारास येतो. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं असल्यामुळे हा अर्ध्या तासाचा फरक. सपाट फरशीवर स्टीलचा उभा डबा ठेवा. सावली आक्रसत डब्याच्या बुडाखाली शिरते तेव्हा मोठी माणसंसुद्धा ओणवी होऊन बघतात. खर्च शून्य. मग परत सतरंजीवर.

समुद्रावर जाताना तिथी न बघणं

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अलिबागजवळ माझी सासुरवाड. बुद्धपौर्णिमेची सुट्टी, आदल्या रात्री मुक्काम. लवकर उठण्याचा मला माज होताच. सकाळी सात वाजता आम्ही आठजण ओल्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात पोचलोसुद्धा. ओहोटीला हा किल्ला पायी गाठता येतो, घोडागाड्याही जातात. पोरं खूश. गणपतीचं दर्शन झालं, खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याची टाकी कशी यावर अर्धा तास वाद झाला, मग तटावरून फोटो. "अजून दहा मिनिटं" असं निदान चारदा झालं.

नऊला दरवाजातून बाहेर आलो तर येतानाची वाळू गायब. आधी पाणी पोटरीपर्यंत. म्हटलं, एवढंच ना? भाच्याला खांद्यावर घेतलं, सासूबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि निघालो. पन्नासेक पावलांत पाणी मांडीला लागलं आणि बाजूनं ओढायला लागलं. पायाखालची वाळू सरकते ना, त्या क्षणी पोटात जो गोळा येतो तो अजून आठवतो. किनाऱ्यावरून कुणीतरी हातवारे करत ओरडत होतं, मागे फिरा. फिरलो. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. पुढे एका होडीतून परत आलो. होडीवाल्यानं पैसे घेतले आणि वर हसलाही.

घरी मामेसासरे झोपाळ्यावर बसले होते. आमच्या भिजल्या अवताराकडे बघून एवढंच म्हणाले, "जावईबापू, आज पौर्णिमा ना?"

मग त्यांनी कोकणातला जुना हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुपारची तशीच पहाटेची. भरतीनंतर अंदाजे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. म्हणजे आम्ही पोचलो तेव्हाच पाणी फिरलेलं होतं. शिवाय पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम सरकतं, तिसऱ्या-चौथ्या तासात धावत येतं. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळंच जास्त. आम्ही नेमके तिसऱ्या तासाला निघालो होतो.

तेव्हापासून समुद्राकडे जायच्या आधी कालनिर्णय, मग हवामानाचं ॲप, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर जाळं विणत बसलेल्या कोळ्याला विचारणं. तिसरी पायरी गाळू नका. पाऊणपट हा अंदाज आहे, तो माणूस तिथे राहतो.

गाडी वाळूत घालणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. भरती त्यांना समजावते.

गडावर चूल, धूर आणि सेंट

कड्याखाली, तटाच्या कोपऱ्यात, उंच झाडावर काळपट चादरीसारखं लोंबणारं आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता वाट बदला. त्याखाली कोळसे पेटवून कोंबडी भाजण्याची हौस करणारे मी पाहिलेत. धुरानं मोहोळ उठतं. वाळलेल्या गवताला ठिणगी लागून वणवा लागतो तो वेगळाच. भडक सेंट घरी ठेवा, पोरांच्या हातातले दगड काढून घ्या. मोहोळ उठलंच तर तोंड झाकून सरळ पळा, गाडीत किंवा खोलीत शिरा. हातानं झटकू नका. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत वाट बघतात. रुतलेला काटा लगेच खरवडून काढा. खूप डंख झाले, धाप लागली किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

आता किरकोळ, पण दरवर्षीच्या

दहीभात घरून दही कालवून नेला की दुपारी आंबट ढाण. भातात दूध घाला, वर चमचाभर दही. दुपारपर्यंत बरोबर लागतो. ओल्या खोबऱ्याची चटणी नको. दशम्या, धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या न्या.

पाणी माणशी दोन लिटर, त्याहून कमी नाही. बाटली अर्धी भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, सकाळी वरून भरा.

'फक्त पाच मिनिटं' म्हणून पोराला बंद गाडीत ठेवणाऱ्याशी मी बोलत नाही.

धरणाच्या पाण्यात उतरू नका. काठचा गाळ दिसतो उथळ, पुढच्या पावलाला तळ नसतो.

पायवाट सोडून शॉर्टकट मारू नका. मे महिन्यात सुक्या गवताखाली घसारा असतो. चढताना शॉर्टकट मारणारे उतरताना बसून उतरतात.

आणि करवंदं. जाळीत हात घालायची घाई करणारी पोरं कच्ची तोडतात, मग चीक ओठांना चिकटतो आणि रडारड. काळं, बोटाला मऊ लागणारं तेवढंच तोडायचं. चीक लागलाच तर खोबरेल तेल चोळा, साबणानं काही होत नाही. मग द्रोण घेऊन गोल बसायचं आणि एकेक करवंद चावून बघायचं, कोंबडा की कोंबडी. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. चावायच्या आधी सांगायचं, चुकला त्याचं करवंद शेजाऱ्याला. धाकट्या भाचीनं गेल्या वर्षी ओळीनं नऊ कोंबडे ओळखले. दहावं तिनं माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर फोडून दाखवलं. तोही कोंबडाच होता.