ब्लास्टिंगच्या कामाला माल किती लागेल, याचा अंदाज कसा बांधावा

लोखंडी टाकी, पूल किंवा शेडचा सांगाडा रंगवण्याआधी ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने कठीण दाण्यांचा (मालाचा) मारा करून गंज आणि जुना रंग काढणे, करायचे ठरले की ठेकेदाराला पहिल्यांदा मालाच्या गोण्यांचा आकडा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो मागच्या कामाच्या आठवणीवरून दिला जातो. काही वर्षांपूर्वी मीही एका टाकीसाठी असाच आकडा दिला होता. सुमारे साठ चौरस मीटर काम उरले असताना माल संपला, दुसरी गाडी येईपर्यंत चार दिवस गेले, आणि त्या काळात कॉम्प्रेसर व परांचीचे भाडे चालू राहिले. तेव्हापासून मी खाली दिलेल्या क्रमानेच हिशेब करतो.

सुरुवात क्षेत्रफळापासून करावी. फॅब्रिकेशनचे काम टनावर बोलले जात असल्यामुळे ब्लास्टिंगचा अंदाजही टनावर बांधण्याचा मोह होतो, पण ब्लास्टिंगला वजनाशी काहीही देणेघेणे नसते. २० मिलिमीटर जाडीच्या एक टन प्लेटच्या दोन्ही बाजू मिळून जेमतेम पावणेतेरा चौरस मीटर भरतात, १० मिलिमीटरच्या एक टन प्लेटच्या साडेपंचवीस भरतात, तर ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचे एक टन लोखंड घेतले तर तेच क्षेत्रफळ ४४ चौरस मीटरच्या आसपास जाते. म्हणजे त्याच एका टनाला साडेतीनपट माल लागू शकतो. म्हणून ड्रॉइंग हाती घेऊन प्रत्येक सेक्शनचा घेर गुणिले लांबी असा तक्ता करावा. टाकीचे गणित त्या मानाने सोपे असते.

उदाहरणादाखल कोकण किनाऱ्यावरची १२ मीटर व्यासाची आणि ९ मीटर उंचीची जुनी टाकी घेऊ, जिची फक्त बाहेरची बाजू करायची आहे. शेल (उभी भिंत) ३३९ चौरस मीटर आणि उतार धरून छप्पर ११५, असे ४५४ चौरस मीटर होतात. जिना, कठडा, वरची कडी आणि नोझलांच्या फ्लँज यांसाठी दहा टक्के वाढवले की ढोबळ हिशेबाने ५०० चौरस मीटर धरता येतात.

यानंतर पृष्ठभागाची अवस्था पाहावी. आयएसओ ८५०१-१ या मानकात गंजाच्या ए, बी, सी आणि डी अशा चार पायऱ्या दिल्या आहेत. ए म्हणजे निळसर मिल स्केल (कारखान्यात लाटताना बसलेला थर) घट्ट चिकटून असलेले नवे लोखंड आणि डी म्हणजे नुसत्या डोळ्यांना सर्वत्र खड्डे दिसतील इतके खाल्लेले लोखंड. त्याच मानकात सफाईच्या पायऱ्याही आहेत, आणि आपल्याकडे औद्योगिक रंगकामाला बहुधा एसए २½, म्हणजे जवळपास पूर्ण स्वच्छ धातू, मागितले जाते. एसए २ ला चालणारे डाग एसए २½ ला चालत नाहीत, आणि तेवढ्या शेवटच्या सफाईत बराच माल जातो. किनाऱ्यावरच्या टाकीची पश्चिमेची बाजू आणि पूर्वेची बाजू यांत एवढा फरक असतो की दोन्हींना एकच दर लावणे चुकीचे ठरते. आपल्या टाकीची समुद्राकडची १२० चौरस मीटर बाजू डी आणि उरलेली ३८० सी आहे, असे धरू.

मालाचे दर प्रकारानुसार बदलतात. एसए २½ साठी कॉपर स्लॅग (तांबे गाळल्यावर उरणाऱ्या मळीचा दाणा) साधारणपणे चौरस मीटरला ३० ते ५० किलो लागते, खड्डे असतील तर त्याहून जास्त. गार्नेट (एक कठीण खनिज) त्याच्या निम्म्याच्या आसपास लागते, पण किलोमागे महाग पडते. स्टील ग्रिट (पोलादाचा दाणा) पुन्हा पुन्हा वापरता येते, मात्र त्यासाठी बंद ब्लास्टिंग रूम आणि माल गोळा करून चाळण्याची सोय हवी. उघड्या साइटवर ती वाया जाते. नदीची किंवा समुद्राची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी हिशेबातच घेऊ नये. तिच्या धुळीतील सिलिकाने फुप्फुसे कायमची निकामी होतात, आणि सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या ब्लास्टरला पहिल्याच दिवशी सांगतो.

वर दिलेले आकडे केवळ निविदा भरण्यापुरते समजावेत. मागणी नोंदवण्याआधी चाचणी घेतलीच पाहिजे, आणि ती प्रत्यक्ष कामाच्याच पॉटने (माल भरायची दाबाची टाकी), होजने (जाड नळी) आणि नोझलने (नळीच्या टोकाचे तोंड) घ्यावी. पॉट पूर्ण रिकामा करून त्यात ५० किलोच्या चार गोण्या भराव्यात. गोणीवरच्या आकड्यावर विसंबू नये, दोन-तीन गोण्या वजनकाट्यावर ठेवून पाहाव्यात. नोझलपाशी दाब १०० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) जवळ आहे ना, हे सुई-गेज होजमध्ये टोचून तपासावे, कारण कॉम्प्रेसरवरचा काटा आणि नोझलपाशी मिळणारा दाब यांत लांब होजमुळे मोठा फरक पडतो आणि दाब उतरला की माल तेवढाच जाऊन सफाई मात्र कमी होते. मग रंगाच्या ठेकेदाराला किंवा निरीक्षकाला मान्य होईल अशी सफाई करत पॉट रिकामा होऊ द्यावा, वेळ नोंदवावा आणि साफ झालेला भाग खडूने आखून मोजावा. आपल्या टाकीवर समुद्राकडे २०० किलोत ३.३ चौरस मीटर झाले, तर दर सुमारे ६१ किलो येतो. दुसऱ्या बाजूला ४.८ चौरस मीटर झाले, तर सुमारे ४२ किलो.

चाचणीच्या वेळी मीटरिंग व्हॉल्व्हकडे, म्हणजे पॉटमधून होजमध्ये सुटणारा माल कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे, विशेष लक्ष द्यावे, कारण सर्वाधिक माल तिथेच वाया जातो. नोझलमधून निघणारा झोत कडेने पाहिला तर हवेवर मालाची फिकट छटा तेवढी दिसली पाहिजे. झोत काळा दिसत असेल आणि होज धक्के देत असेल, तर माल जास्त सुटतो आहे; कण एकमेकांवर आदळून वेग गमावतात आणि गोण्या संपत असूनही काम पुढे सरकत नाही. व्हॉल्व्ह आधी पूर्ण बंद करून थोडा थोडा उघडत जावा. जाड दाण्याने काम लवकर होते, हाही समज सोडून द्यावा. किलोमागे जास्त कण असलेला बारीक दाणा सहसा लवकर साफ करतो, आणि जाड दाण्याने पडलेल्या खोल खरबरीतपणात प्रायमरही जास्त जातो.

आता नोझल. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची नोझल १०० पीएसआयला तासाला सुमारे ५२० किलो माल आणि १९६ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खाते. वापराने भोक झिजून साडेतीन सूत झाले की त्याचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते आणि मालही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. कॉम्प्रेसर तोकडा असेल तर वर दाबही पडतो. रोज सकाळी हवा बंद करून, नोझल काढून, त्यात साडेतीन सुती ड्रिलचा मागचा दांडा घालून पाहावा. दांडा आत गेला तर नोझल त्याच दिवशी बदलावी.

मग बेरीज करावी. समुद्राकडे १२० गुणिले ६१, म्हणजे ७,३२० किलो; उरलेल्या भागाला ३८० गुणिले ४२, म्हणजे १५,९६० किलो; एकूण २३,२८० किलो. यावर मी कोरड्या हंगामात पंधरा टक्के धरतो. परांचीवरून कोपरे करताना झोत बाजूला जातो, काही गोण्या फाटतात, आणि रात्रीत तांबूस गंज आलेला पट्टा सकाळी पुन्हा मारावा लागतो. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल किंवा लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंशांनी तरी जास्त नसेल, तर प्रायमर मारता येत नाही. म्हणून मे महिन्याच्या शेवटी काम असेल तर पंधराचे वीस टक्के करावेत. पंधरा टक्क्यांनी आकडा २६,७७२ किलोवर जातो, म्हणजे २७ टन किंवा ५४० गोण्या. उलटा ताळाही पाहावा: तासाला ५२० किलोने हे साडेएक्कावन्न तास होतात, आणि एका नोझलवर दिवसाला पाच तासच झोत प्रत्यक्ष चालतो असे धरले तर दहा-अकरा दिवस. ठरलेल्या मुदतीत हे बसत नसेल तर दुसरी नोझल आणि तिच्यापुरती हवा आधीच ठरवावी लागेल.

गोण्या लाकडी फळ्यांवर रचून ताडपत्रीने झाकाव्यात. ओली स्लॅग व्हॉल्व्हमध्ये गोळा होऊन अडकते. वापरलेला माल उचलण्याचा खर्चही याच अंदाजात लिहावा, कारण आलेले २७ टन गंज आणि जुना रंग घेऊन परत जाणार असतात, आणि त्या रंगात शिसे असेल तर तो ढीग साध्या भरावात टाकता येत नाही. काम सुरू झाल्यावर मुकादमाने रोज संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजाव्यात आणि त्या दिवशी साफ झालेल्या क्षेत्रफळाशेजारी लिहाव्यात. तिसऱ्या दिवशी दर चाचणीपेक्षा दहा टक्क्यांनी पुढे गेलेला दिसला, तर नोझल आणि व्हॉल्व्ह तपासून उरलेल्या मालाची मागणी त्याच संध्याकाळी दुरुस्त करावी.