आगोटीपूर्वी मोटरबोट किनाऱ्यावर कशी ठेवावी

हंगाम संपल्यावर हौसेची मोटरबोट कशी ठेवावी याविषयी इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला तळी गोठणाऱ्या देशांतला असतो. इंजिनात गोठणरोधक द्रव भरा, टाकी काठोकाठ भरून ठेवा, बोट प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळा, असे त्यात सांगितलेले असते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर यातली पहिली गोष्ट निरुपयोगी आणि उरलेल्या दोन घातक आहेत, कारण येथे बोट पावसाळ्यात बंद असते आणि तिचे नुकसान करतात ते मीठ आणि दमट हवा. पुढील क्रम फायबरची लहान बोट आणि आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन यांच्यासाठी आहे.

काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. 2021 साली तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच कोकण किनाऱ्यालगतून गेले आणि त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. पाऊस अजून लांब आहे म्हणून महिनाअखेरीपर्यंत थांबणे मला मान्य नाही.

भरतीला बोट वर ओढून घेतली की त्याच दिवशी, बूड ओले असतानाच, शेवाळ आणि शिंपले खरवडून काढावेत. वाळल्यावर ते जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचे, टवके घेऊनच निघतात.

मग इंजिन गोड्या पाण्याने धुवावे. पंखा काढून ठेवावा, इंजिनाचा खालचा भाग पाणी ओढणारी तोंडे बुडतील इतका भरलेल्या पिंपात सोडावा आणि गिअर न टाकता, मोकळ्या हवेत, मंद गतीवर पंधरा मिनिटे चालवावे. दोन-तीन मिनिटांत इंजिन बंद करणारे लोक नेहमी दिसतात. पण इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गोडे पाणी ब्लॉकच्या आतल्या वाटांतून नीट फिरत नाही, आणि मीठ नेमके तेथेच बसलेले असते. मध्ये एकदा पिंपातले पाणी बदलावे. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही सुरू करू नये. पंपातला रबरी इम्पेलर लगेच खराब होतो.

यानंतर इंधन. पावसाळ्यानंतर सुरू न होणाऱ्या बहुतेक इंजिनांचे दुखणे येथेच सापडते, आणि मलाही हाच टप्पा सर्वांत उशिरा उमगला. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. हा ओलावा मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात धोका अधिक आहे, कारण ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि इंजिनाच्या वाट्याला वंगण नसलेला द्रव येतो. अशा इंधनावर इंजिन सुरू झालेच, तर पिस्टन जाम होऊ शकतो. इंधन टिकवण्यासाठी मिळणारी रसायने पेट्रोल शिळे होणे लांबवतात, पण एकदा वेगळे झालेले पाणी पुन्हा एकजीव करत नाहीत. म्हणून टाकी भरून ठेवण्याचा सल्ला मी साफ नाकारतो. बोटीतली सुटी टाकी पूर्ण रिकामी करावी, विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत सुकवावी आणि झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवावी. उरलेले बिनऑइलचे पेट्रोल मोटारसायकलीत वापरून टाकावे.

टाकी काढल्यावर बहुतेक जण इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात आणि कार्ब्युरेटर रिकामा झाला असे धरून चालतात. तो रिकामा होत नाही. जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीपर्यंत, पेट्रोल पोहोचेनासे झाले की इंजिन बंद पडते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या तळाशी थोडे उरतेच आणि पावसाळाभरात त्याचा चिकट थर होऊन जेटची बारीक भोके बुजतात. शिवाय दोन-तीन कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात एखादी वाटी आधी संपते, तिच्यावर चालणाऱ्या सिलिंडरला इंधनाबरोबर ऑइलही मिळेनासे होते आणि बाकीचे सिलिंडर त्याला तसेच फिरवत राहतात. टू-स्ट्रोक इंजिन अशा रीतीने कोरडे पाडू नये, हे मी आग्रहाने सांगतो. इंजिन पूर्ण निवल्यावर प्रत्येक वाटीच्या बुडाचा स्क्रू सोडावा आणि येणारे पेट्रोल काचेच्या बरणीत धरावे. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवली की पाणी किंवा गाळ तळाशी दिसतो; दिसला, तर इंधनाचा फिल्टरही उघडून साफ करावा. स्क्रूची खाच सहज खराब होते, त्यामुळे नेमक्या मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्यावा. इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र ही कृती लागू नाही: त्याचा पंप इंधनाविना फिरवू नये आणि इंधन त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या रीतीनेच काढावे.

आता प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, फ्लायव्हील हाताने काही वेळा फिरवावे आणि प्लग परत बसवावेत.

गिअर ऑइल आत्ताच बदलावे. ते दुधाळ निघाले, तर सीलमधून पाणी शिरले आहे असे समजावे. तेच पाणी पावसाळाभर आत राहिले तर बेअरिंग गंजतात. नवे ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे आणि दोन्ही वॉशर नवे घालावेत. इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा, म्हणजे झिंक, निम्मा झिजला असेल तर बदलावा, बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करावी आणि इंजिन नेहमी उभेच ठेवावे.

बोट लाकडी ओंडक्यांवर, नाळ, म्हणजे पुढचे टोक, उंच राहील अशी ठेवून मागचा बूच काढावा आणि तो हरवणार नाही अशा रीतीने बोटीतच बांधून ठेवावा. बोटीचा उघडा भाग 8 चौरस मीटर धरला, तर 100 मिलिमीटर पावसात तिच्यात सुमारे 800 लिटर, म्हणजे 800 किलो पाणी साचते, आणि कोकणात इतका पाऊस एका दिवसात पडतो. ताडपत्री थेट बोटीवर अंथरू नये. बांबूचे आढे करून तिला दोन्ही बाजूंना उतार द्यावा आणि पुढची-मागची तोंडे उघडी ठेवावीत, म्हणजे वारा आतून खेळतो आणि बुरशी धरत नाही. दोर जमिनीत पक्क्या ठोकलेल्या खुंट्यांना बांधावेत. बोटही वेगळ्या दोराने जखडावी. मोठा पाऊस होऊन गेला की बुचाच्या भोकात पाला अडकला नाही ना, हे पाहावे.

सप्टेंबरमध्ये इंजिन सुरू करण्याआधी पाणी फेकणाऱ्या बारीक भोकात पातळ तार घालून पाहावी. कुंभारीण माशी तेथे मातीचे घर करते, आणि भोक बुजलेले असले तर पंप पाणी ओढतो आहे की नाही हे कळत नाही.