मित्रांबरोबर रेनियर चढायचाय? आधी भीड घरी ठेवा

सिअ‍ॅटलला राहणाऱ्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक दिवस असा येतोच, आकाश मोकळं असतं, खिडकीतून माउंट रेनियर दिसतो आणि चहा पिता पिता कोणीतरी म्हणतं "चला रे, यावर्षी करूनच टाकू". सगळे हो म्हणतात. मी पण म्हटलं होतं. पहिल्यांदा अर्ध्यातून परत आलो, दुसऱ्यांदा झाला, तर या दोन खेपांमध्ये जे कळलं ते लिहितोय.

आधी एक हिशोब. गाडी जिथे पार्क करता ते पॅराडाइज ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे बरोब्बर आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं. तिथून चढायला सुरुवात. माथा १४,४१० फूट, म्हणजे वरती अजून ९,००० फूट चढायचंय आणि त्यातला बराचसा भाग ग्लेशियरवरून. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं, दम आणि पाय असतात आपल्याकडे, पण बर्फाखाली भेग असू शकते आणि ती वरून दिसत नाही ही गोष्ट अंगवळणी पडलेली नसते. हरिश्चंद्रगडाचा कडा निदान दिसतो तरी.

तयारी जानेवारीपासून. सिअ‍ॅटलजवळच्या मेलबॉक्स पीकची जुनी वाट आहे ना, अडीच मैलात ४,००० फूट, ती पाठीवर १५-१८ किलो घेऊन करा, आणि दर दोन आठवड्यांनी करा. पण नुसता स्टॅमिना पुरत नाही. कुठल्यातरी बर्फाच्या उतारावर, जिथे खाली सपाट संपतं आणि दगड नाहीत अशा ठिकाणी, मुद्दाम घसरा आणि आइस अ‍ॅक्स रोवून थांबायची प्रॅक्टिस करा, पोटावर घसरा, पाठीवर घसरा, डोकं खाली करून घसरा, शंभरदा करा. हे करताना क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) काढून ठेवा, नाहीतर काटा अडकून घोटा जायचा. मग मेमध्ये किंवा जूनच्या सुरुवातीला माउंट बेकर करा, ईस्टन ग्लेशियरच्या बाजूने. रोपवर चालणं, म्हणजे सगळ्यांनी एकाच रोपला बांधून चालणं, काय असतं ते तिथे कळतं. ग्रुपमध्ये अनुभवी कोणीच नसेल तर सरळ गाइड घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

माणसं किती? सहा उत्तम. तीन-तीनचे दोन रोप. एका रोपवरचा कोणी भेगेत गेला तर दुसरे तिघं मदतीला येतात. दोघांनीच जाणं मला पटत नाही, एक आत गेला की उरलेल्या एकट्याने त्याला धरायचं पण आणि रोप अडकवायला बर्फात अँकर पण खोदायचा, कसं जमणार. दोघांमध्ये अंतर साधारण १२ ते १५ मीटर ठेवा. रोप ताणलेला नको आणि ढिला तर अजिबात नको, बर्फाला जरासा टेकेल इतकाच. मित्र असले की गप्पा मारायला जवळ जवळ येतात आणि मधे रोपचं वेटोळं पडतं. ते वेटोळं म्हणजे पडणाऱ्याला फुकटचा वेग, दोन मीटर ढिलाई असेल तर तो आधी दोन मीटर सुटा पडणार आणि मग तुम्हाला हिसका बसणार. गप्पा कॅम्पवर. भेग ओलांडायची तर काटकोनात ओलांडा, सगळे एकाच वेळी एकाच भेगेवर उभे राहू नका.

आणि शब्द आधी ठरवून ठेवा. वाऱ्यात काहीही ऐकू येत नाही, आमच्यातला एक जण "अरे ऐक ना जरा एक मिनिट" असं म्हणायचा, पुढच्याला फक्त "अरे" ऐकू यायचं आणि तो चालत राहायचा. शेवटी "थांब" आणि "चल" एवढे दोनच ठेवले आणि तेही ओरडून.

समजा कोणी पडलाच. बाकीच्यांनी तत्क्षणी खाली झोकून द्यायचं आणि अ‍ॅक्स रोवायची. मग एकाने वजन धरून ठेवायचं, दुसऱ्याने बर्फात आडवा चर खणून पिकेट (धातूची लांब मेख) पुरायचा, रोपचं वजन हळूहळू त्यावर द्यायचं, अँकर धरतोय याची खात्री करायची, आणि मगच कडेपाशी जाऊन आत बघायचं. तेही स्वतः बांधलेलं राहूनच, नाहीतर मित्राच्या काळजीने धावत गेलेला दुसरा आत. कडेवर रोप बर्फात कापत आत रुततो, म्हणून त्याखाली सॅक सरकवा. मग कप्पी लावून तीनास एकचं खेचणं, म्हणजे एकपट जोरात तिप्पट ओढ. आत लटकलेला शुद्धीवर असेल तर तो प्रुसिकवर (रोपवर मारलेल्या, वजन पडलं की घट्ट होणाऱ्या गाठी) स्वतःच वर येऊ शकतो. हे सगळं वाचून येत नाही. पार्कमधल्या झाडाला एकाला लटकवा आणि हातमोजे घालून करून बघा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा ४० मिनिटं लागली आणि लटकलेला मित्र शेवटी शिव्या द्यायला लागला.

परमिट लागतं, क्लायंबिंगची फी वेगळी, सीझनमधल्या शनिवार-रविवारसाठी ऑनलाइन रिझर्व्हेशन लवकर करा. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत भेगांवरचे बर्फाचे पूल त्यातल्या त्यात धड असतात, ऑगस्टमध्ये भेगा उघडतात आणि वाट लांबत जाते. रेंजर निळ्या पिशव्या देतात, त्या कशासाठी हे विचारू नका, स्वतःचं स्वतः खाली आणायचं. वाटेतल्या मुक्कामाला, कॅम्प म्यूरला टॉयलेट आहे, त्याच्या वर नाही.

पहिला दिवस पॅराडाइज ते कॅम्प म्यूर, १०,१८८ फूट. हा भाग सोपा म्हणून लोक हलक्यात घेतात, पण ढग उतरले की म्यूर स्नोफील्डवर सगळं पांढरं होतं, वर खाली कळत नाही, वाट चुकून माणूस बाजूच्या ग्लेशियरवर जातो. जाताना जीपीएसवर ट्रॅक रेकॉर्ड करा, उतरताना तोच लागतो. कॅम्पला पोचून आधी बर्फ वितळवा, यात दोन-अडीच तास जातात. जेवायला आम्ही मेतकूट-भात नेला होता, वर भूक मरते तेव्हा तोच घशाखाली उतरला. चिक्की मात्र गारठून दगड होते, दात सांभाळा. गूळपोळी बरी. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीच्या नळ्या गोठतात म्हणून बाटल्याच न्या आणि उलट्या ठेवा, पाणी वरून गोठत येतं. सनस्क्रीन नाकाच्या आत आणि हनुवटीखाली सुद्धा, ऊन बर्फावरून उलटं येतं.

संध्याकाळी सहाला झोपायचं (झोप लागत नाही, पडून राहा), रात्री बाराच्या सुमारास निघायचं, कारण रात्री बर्फ घट्ट असतो. काउलित्झ ग्लेशियर, कॅथीड्रल गॅप, मग इंग्रॅम फ्लॅट्स. फ्लॅट्सच्या पुढे वर लटकलेल्या बर्फाखालून जावं लागतं, तिथे फोटोसाठी सुद्धा थांबायचं नाही. २१ जून १९८१ ला इंग्रॅम ग्लेशियरवर असाच बर्फ कोसळून ११ जण गेले. त्यानंतर डिसअपॉइंटमेंट क्लीव्हर, सुट्या दगडांचा सोंडा, तिथे रोप आखूड करून हातात घ्या, लोंबता रोप दगड पाडतो आणि खाली कोणीतरी असतंच.

आता ती भीड. पहिल्या खेपेला क्लीव्हरच्या माथ्यावर, १२,३०० फुटांवर, आमच्यातला एक जण बसला तो उठेना. डोकं म्यूरपासूनच ठणकत होतं, दोनदा उलटीसारखं झालं होतं, पण "तुमचा सगळ्यांचा समिट माझ्यामुळे जायला नको" म्हणून बोलला नाही. आणि मी, जो मागे होतो, मला तो झोकांड्या खाताना दिसत होता, मी पण विचारलं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. भीड भिकेची बहीण म्हणतात, रोपवर तर फारच. हा उंचीचा त्रास, अशा वेळी गोळ्यांचा परिणाम व्हायची वाट बघायची नाही, खाली उतरायचं, आणि त्या माणसाला एकटं पाठवायचं नाही, त्याचा अख्खा रोप उतरतो. दुसऱ्या खेपेला आम्ही घरीच नियम केला, दर तासाला प्रत्येकाने डोकं, पोट, पाय यांना दहापैकी मार्क द्यायचे, आणि कोणीही एकदा "परत" म्हटलं की चर्चा नाही, कारण विचारणं पार्किंगमध्ये. परत फिरायची वेळ सकाळी ९, माथ्यावरचं ज्वालामुखीचं विवर समोर दिसत असलं तरी.

आम्ही ७ वाजता विवराच्या कडेवर पोचलो, २० मिनिटं थांबलो, निघालो. उतरताना ऊन लागून बर्फ मऊ होतो, क्रॅम्पॉनखाली गोळे धरतात, ते अ‍ॅक्सने ठोकत राहा, आणि म्यूर समोर दिसलं म्हणून रोप सोडू नका, काउलित्झवरही भेगा आहेत.

एक राहिलंच, गाडी. रात्रभर जागे असलेले सहा जण आणि पुढे अडीच तास ड्रायव्हिंग, आम्ही एकाच्या बायकोला संध्याकाळी पॅराडाइजला बोलावलं होतं, ती थर्मासभर चहा आणि वडापाव घेऊन आली होती.