वर्दीत आई होताना: रजा, पाळणाघर आणि नाईट

पोलीस भरतीच्या वेळी ८०० मीटरचं टायमिंग आणि गोळाफेकीचे गुण मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. प्रसूती रजा किती दिवसांची, हे मात्र दिवस गेल्यावर आस्थापना शाखेतल्या बाबूंना विचारलं. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग फाईल काढली. आता आमच्या ठाण्यात दर भरतीनंतर नव्या मुली येतात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यातल्या एकदोघी हाच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

प्रसूती रजा १८० दिवसांची, पूर्ण पगारी. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तोवर मिळते आणि तुमच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तिला जोडून अर्जित रजा, म्हणजे आपण जिला हक्क रजा म्हणतो ती, घेता येते. माझा सल्ला एवढाच की समजल्याबरोबर वरिष्ठांना लेखी रिपोर्ट द्या आणि आवक क्रमांक घेऊन ठेवा. तोंडी सांगितलेलं बंदोबस्ताच्या यादीपर्यंत पोहोचत नाही. मी लाजून तिसऱ्या महिन्यापर्यंत कुणाला बोलले नाही आणि एका सभेच्या बंदोबस्तात रस्त्यावर अकरा तास उभी राहिले. चूक माझीच होती. त्यानंतर आठव्या महिन्यापर्यंत सीसीटीएनएसच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी संगणकावर भरायच्या, टेबलावर बसून काम केलं, कारण प्रसूतीआधी रजा जितकी कमी जाईल तितकी ती बाळाच्या वाट्याला येते. डॉक्टर नको म्हणाले तर मात्र असला हिशेब करू नका.

सहा महिने सगळे कौतुकात जातात. सातव्या महिन्यात हजर झाल्यावर पहिली नाईट लागते तेव्हा खरं काय ते कळतं. रात्री नऊला जायचं, बाळ अंगावर पिणारं, सासूबाईंचे गुडघे दुखणारे, नवरा खासगी नोकरीत. मी रेकॉर्डच्या खोलीत आतून कडी लावून दूध काढायचे आणि थर्मासच्या झाकणात बर्फ घालून सकाळी घरी न्यायचे. बाहेर कुणीतरी फाईल मागत दार ठोठावायचं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या काळात मला वाटायचं की आपल्यालाच जमत नाहीये. मागून कळलं की शेजारच्या ठाण्यातली माझी बॅचमेट हेच बाथरूममध्ये करत होती.

आता बाल संगोपन रजेबद्दल, कारण नव्या मुलींना ती एकतर माहीतच नसते किंवा चुकीची माहीत असते. राज्य शासनाने जुलै २०१८ मध्ये ती लागू केली. संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवस, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, आणि सर्वांत मोठ्या दोन हयात अपत्यांसाठीच. सेवेचं एक वर्ष झालेलं हवं. पगार पूर्ण मिळतो. पण ती हक्क म्हणून मागता येत नाही, आधी मंजुरी लागते. त्यामुळे रिपोर्ट कधी टाकता याला फार महत्त्व आहे. गणपती, नवरात्र, निवडणुका आणि ज्या जिल्ह्यातून वारी जाते तिथे आषाढीचे दिवस, या काळातल्या रजेचा रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर नुसता पडून राहतो. शाळांच्या परीक्षांआधी दीड महिना टाकला तर त्यावर निदान विचार होतो.

मी केलेली चूक अशी की प्रसूती रजा संपल्या संपल्या यातले साठ दिवस वापरून टाकले. त्या वेळी घरात सासूबाई होत्या, कसंही निभावलं असतं. मुलगी चार वर्षांची असताना डेंगीने आठ दिवस दवाखान्यात होती, तेव्हा त्या वर्षीचे दिवस आधीच शाळाप्रवेशाच्या धावपळीत गेले होते. शेवटी किरकोळ रजा घातल्या. एक बरं झालं, २०२२ मध्ये शिपायापासून निरीक्षकापर्यंत किरकोळ रजा वर्षाला १२ च्या २० झाल्या. त्या आठ जादा दिवसांची किंमत बाहेरच्या माणसाला कळायची नाही. आता माझ्याकडे बाल संगोपनाचे साठेक दिवस शिल्लक आहेत. ते दहावीसाठी राखून ठेवले आहेत, मग घरचे काहीही म्हणोत.

पुरुष अंमलदारांनाही, म्हणजे पुरुष पोलीस कर्मचाऱ्यांनाही, ही रजा आहे, पण पत्नी हयात नसेल किंवा आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. नवरा-बायको दोघंही पोलिसात अशा जोड्या आपल्याकडे कमी नाहीत. अशा घरात दोघांची नाईट एकाच दिवशी लागली तर मूल कुणी सांभाळायचं, याचं उत्तर या नियमात नाही. मला हा नियम अपुरा वाटतो. आणि तुलना करायचीच झाली तर केंद्राकडे बघा: माझी नणंद सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात आहे, तिला हीच रजा ७३० दिवसांची आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारावर, पुढचे ८० टक्के पगारावर. आमच्याकडे एवढी मोठी मुदत दिव्यांग अपत्य असलेल्यांना मिळते, तीही मूल २२ वर्षांचं होईपर्यंत. तुमच्या घरी असं मूल असेल तर प्रमाणपत्र वेळेत काढा आणि ही वेगळी रजा नावाने मागा. बाबू आपणहून सांगतीलच असं नाही.

सरकारी पाळणाघराचं विचाराल तर, केंद्राची पाळणा नावाची योजना आहे, आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचंच पुढचं रूप. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घेतात आणि काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलेलं असतं. गावात, वॉर्डात कुठे आहे ते अंगणवाडी सेविकेला विचारा. पण जुन्या योजनेत वेळ ठरलेली होती दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. आपली ड्युटी बारा तासांची, वर येणं-जाणं. पाळणाघर बंद झाल्यापासून तुम्ही घरी पोहोचेपर्यंतचे पाच तास कुणाच्या भरवशावर काढायचे? म्हणून मी खासगी घरगुती पाळणाघर निवडलं, पोलीस लाइनीतल्याच एका निवृत्त हवालदारांच्या बायकोकडे. बंदोबस्त लांबला की काकू पोरीला भात भरवून झोपवायच्या. फोनवर एवढंच सांगायच्या, 'उशीर होऊ दे, जेवलीय ती.' नव्याने क्वार्टर घेताना खोली किती मोठी हे बघण्याआधी अशी काकू शेजारी आहे का ते बघा.

तरीही मला स्वतःला सगळ्यात जास्त आधार रजेचा झाला नाही, आठ तासांच्या ड्युटीचा झाला. मुंबईत देवनार ठाण्यात मे २०१६ मध्ये याचा प्रयोग झाला होता, एका शिपायानेच मांडलेल्या योजनेवरून. महिला अंमलदारांसाठी २०२१ मध्ये नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणमध्ये आठ तास करून पाहिले, आणि त्याच वर्षी तेव्हाचे महासंचालक संजय पांडे यांनी ते राज्यभर प्रायोगिक तत्त्वावर लागू करायला सांगितलं. आमच्या ठाण्यात ते जेवढे महिने नीट चाललं तेवढे महिने मी मुलीला स्वतः अंघोळ घालून शाळेत सोडलं. मग एक निवडणूक आली, मनुष्यबळ कमी पडलं आणि वेळापत्रक हळूहळू जुन्या वळणावर गेलं. कुणी आदेश रद्द केला नाही, फक्त कुणी तो आठवून दिला नाही. तुमच्याकडे जादा वेळ थांबवत असतील तर तोंडावर भांडू नका, स्टेशन डायरीतल्या, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतल्या, आगमन-निर्गमनाच्या नोंदी मात्र वेळेवर आणि खऱ्या करा. पुढे साहेबांपुढे विषय काढायचा झाला तर त्याच नोंदी कामाला येतात.

ड्युटी लावणाऱ्या हवालदारांशी संबंध चांगले ठेवा. पाया पडायचं नाही, पण मुलाची लस कोणत्या तारखेला, पालकसभा कधी, हे आठवडाभर आधी सांगितलं तर ते बहुतेक वेळा अदलाबदल करून देतात. आदल्या रात्री सांगितलं तर देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर असतं. दुसरी कुणी अडली तर तिची नाईट तुम्ही घ्या. हे उधार-उसनवार लिहिलेलं कुठेच नसतं, पण चालतं त्याच्यावरच.

कागदांचं शेवटी. बाळाचा जन्मदाखला हातात आला की त्याच आठवड्यात सेवापुस्तकात कुटुंबाची नोंद अद्ययावत करून घ्या आणि पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत त्याचं नाव चढवा. माझ्या मुलीचं नाव चढायला उशीर झाला होता, डेंगीच्या वेळी दवाखान्याच्या खिडकीवर ते कळलं, आणि अनामत रक्कम नवऱ्याने मित्राकडून आणून भरली. जन्मदाखल्याच्या चार प्रती काढा, एक ठाण्यातल्या तुमच्या कपाटात ठेवा.