गिर्यारोहणाच्या बुटांवर स्की बांधताय? या चुका टाळा

हिमालयातली एक-दोन शिखरं केलेल्या इंदूरच्या मंडळींकडे प्लास्टिकचे डबल बूट माळ्यावर असतातच. गुलमर्ग किंवा औली ठरलं की मग विचार येतो: वेगळे स्की-बूट कशाला, यांनाच स्की बांधू. बांधता येते. पण बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा भाग, ठरवायचं ते बूट समोर ठेवून.

सगळ्यात महागात पडतं ते हलकं म्हणून पिनांचं बाइंडिंग मागवणं. त्याच्या पिना बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बसवलेल्या धातूच्या खाचांत शिरतात. गिर्यारोहणाच्या बुटाला त्या खाचा नसतात. विषय संपला.

‘क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे काटे) बसतो ना, मग हेही बसेल’ हा तर्क अर्धाच खरा. खटक्याचा क्रॅम्पॉन बसतो असा ताठ तळाचा, पुढे-मागे दोन्हीकडे खोबण असलेला बूटच चालतो. पट्ट्यांनी क्रॅम्पॉन बांधायचा मऊ ट्रेकिंग बूट नाही. अशा ताठ बुटासाठी पुढे तारेची कडी आणि मागे खटका असलेलं सिल्व्रेटा 404 किंवा 500 सारखं बाइंडिंग शोधा; ही बहुधा जुन्या बाजारातच सापडतात. फ्रेमचं, म्हणजे बूट चौकटीवर बसवायचं, प्रत्येक बाइंडिंग त्यांच्यासारखंच, असं मात्र समजू नका. अनेक फ्रेम बाइंडिंग फक्त स्की-बुटाच्या टोकासाठी असतात.

आता सुटण्याचा आकडा, म्हणजे पडताना किती जोर आला की बाइंडिंगने बूट सोडायचा ते. तक्त्यात वजन, उंची, वय, कौशल्य आणि तळाची लांबी बघून तो काढतात, पण तो तक्ता स्की-बूट गृहीत धरतो. आपल्या बुटाचं नक्षीदार रबर बाइंडिंगला अडकतं, टोक वर वळलेलं असतं. घरी हाताने पिळून सुटलं म्हणजे बर्फात पडताना सुटेलच असं नाही. गुडघा आपला आहे, म्हणून उतार सौम्य निवडा. शिवाय हा बूट घोट्याला सैल. चढताना ते सुखाचं, उतरताना नडगी पुढे रेटून स्की वळवायला गेलं की आधारच मिळत नाही. गुलमर्गच्या अफरवट शिखरावरून खाली यायचं असेल तर मी सरळ टूरिंगचे, म्हणजे चढायला आणि उतरायला दोन्हीला चालणारे स्की-बूट भाड्याने घेईन.

बूट जुने असतील तर प्लास्टिक आधी तपासा. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं कवच दिसायला धड असतं आणि थंडीत तडकतं.

स्कीला भोकं पाडायचं काम सियागंजातून ड्रिल आणून गॅलरीत करू नये. भोक साधारण 9 मिलिमीटर खोल लागतं. जास्त गेलं तर तळ फाटतो, आणि बिटाची जाडी स्कीवर छापलेली असते, बहुतेकदा 3.6 किंवा 4.1. स्क्रूला पोझीड्राइव्ह तीन नंबरचा पेचकस लागतो. दुकानदार तसाच दिसणारा, नेहमीचा अधिक-चिन्हाचा फिलिप्स देतो, तो जवळपास बसतो, आणि दोन वेळा फिरवला की स्क्रूचं डोकं घासून गोल होतं. मालवा एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी योग्य पेचकस पिशवीत टाका, कारण स्क्रू ढिला झालाच तर वर डोंगरात तोच लागणार.