ऑनलाइन शिक्षणाच्या परिणामकारकतेवर प्रबंध करताय? मग या चुका टाळा

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) जमा करायचे दिवस आले की एम.एड.वाले, पीएचडीवाले, कृतिसंशोधन करणारे शिक्षक सगळ्यांची धावपळ सुरू होते आणि कोविडनंतर त्यात एक विषय हमखास असतोच, अमुक तालुक्यातील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अध्यापनाची परिणामकारकता, एक अभ्यास. विषय वाईट नाहीये. पण असे प्रबंध उघडून बघितले की बऱ्याचदा दिसतं काय, तर परिणामकारकता मोजलेलीच नाही, मुलांना आवडलं का एवढंच विचारलंय. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात आणि मग गाईड सरांकडे बघत बसायची वेळ येते. म्हणून सारख्या दिसणाऱ्या चुका आणि डेटा आधीच गोळा झाला असेल तर काय करायचं ते लिहितोय.

आवडलं म्हणजे शिकले असं नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. गुगल फॉर्म बनवायचा, पंचवीस विधानं टाकायची, पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत असे पाच पर्याय द्यायचे, सरासरी चारच्या पुढे गेली की लिहायचं "ऑनलाइन शिक्षण परिणामकारक आढळले". अहो, पण मुलगा भूमितीचं प्रमेय सोडवू शकतो का ते कुठे बघितलंत तुम्ही? २०१९ साली हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, त्यात काही मुलांना छान ओघवतं लेक्चर दिलं आणि काहींना स्वतः गणितं सोडवायला लावली, तर लेक्चरवाल्यांना वाटलं आपण जास्त शिकलो, पण चाचणीत पुढे होते दुसरे. तो प्रयोग ऑनलाइनबद्दल नव्हता, वर्गातलाच होता. पण मुलाला काय वाटतं आणि त्याला काय येतं यात किती अंतर असू शकतं ते त्यातून कळतं.

त्यात विधानंही कशी असतात बघा. "ऑनलाइन तासिकांमुळे माझा वेळ वाचला व विषय चांगला समजला." आता एखाद्या पोराचा एसटीचा दीड तास वाचलाय पण विषय कणभर कळलेला नाही, त्याने टिक कुठे करायची? तो बिचारा "तटस्थ" वर करतो आणि तुम्ही त्याला तीन गुण धरून सरासरीत टाकता. एका विधानात एकच गोष्ट विचारा. आणि सगळी विधानं ऑनलाइनच्या कौतुकाची नकोत, चार-पाच उलटी टाका, म्हणजे न वाचता सरसकट "पूर्णपणे सहमत" करणारे लगेच सापडतात. फॉर्म भरून आले की टाइमस्टॅम्पचा कॉलमही एकदा बघा, एकाच मिनिटात धडाधड आलेले आठ-दहा फॉर्म आणि उत्तरं हुबेहूब सारखी असतील तर कुणीतरी एकाने सगळ्या वर्गाचं काम उरकलंय हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

डेटा आधीच असाच गोळा झालाय? मग शीर्षक बदला. "परिणामकारकता" काढून "विद्यार्थ्यांची मते" करा, रीतसर दुरुस्तीचा अर्ज द्या, लवकर दिलात तर सहसा अडवत नाहीत. वेळ असेल तर त्याच मुलांची एक छोटी संपादणूक चाचणी (काय येतं ते तपासणारी) घ्या, ती मात्र वर्गात बसवून कागदावर, कारण घरून घेतलेल्या बहुपर्यायी चाचणीत शेजारी मोठी बहीण बसलेली असते.

लिंक ग्रुपवर टाकली की न्यादर्श तयार, असं नसतं

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली आणि आलेल्या उत्तरांना "यादृच्छिक न्यादर्श" (म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी देऊन काढलेला नमुना) म्हणून मोकळे झाले, हे तर इतकं बघायला मिळतं की विचारू नका. ज्याच्याकडे फोनच नाही तो ग्रुपवर नाही, म्हणजे ऑनलाइन शिक्षण ज्याच्यापर्यंत पोचलंच नाही तोच नेमका तुमच्या अभ्यासातून बाद. असर या देशभरच्या शैक्षणिक पाहणीच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुलं ६७.६ टक्के होती, २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. वाढ मोठी आहे, खरंय. पण त्याच अहवालात पुढे हेही आहे की घरात फोन असलेल्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला तो वापरायला मिळत नव्हता. फोन बाबांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी येतो, आणि मग दहावीच्या ताईचा नंबर आधी लागतो. त्यामुळे प्रश्नावलीत "घरी स्मार्टफोन आहे का" एवढं विचारून भागत नाही, दिवसातून किती वेळ तुझ्या हातात असतो, कितीजणांत एक आहे, नेटपॅक कोण मारतं, हे विचारा.

फोन नसलेल्यांपर्यंत घरी जाऊन पोचता आलं तर उत्तमच. नाहीच जमलं तर मर्यादांच्या पानावर साफ लिहा की हे निष्कर्ष फोन असलेल्या मुलांपुरतेच आहेत. आणि हो, प्रतिसादाचं प्रमाण किती तेही द्या, दोनशे जणांना लिंक पाठवून सत्तर आले असतील तर दोनशे आणि सत्तर दोन्ही आकडे छापा.

बोर्डाचा निकाल लावून मोकळं होऊ नका

काहीजण जरा हुशारी करतात, मतं नको गुणच घेऊ म्हणतात आणि बोर्डाचे निकाल टेबलात मांडतात. दहावीचा राज्याचा निकाल २०२० ला ९५.३० टक्के, २०२१ ला ९९.९५, २०२२ ला ९६.९४. बघा, ऑनलाइनच्या वर्षात निकाल वाढला! अहो, २०२१ ला परीक्षाच झाली नव्हती. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यांच्या सूत्रावर निकाल लावला होता. बारावीचंही तसंच, ९९.६३ टक्के. हा आकडा मोजपट्टी बदलल्याचा आहे, शिकण्याचा नाही. २०२२ ला परीक्षा झाली ती कमी केलेल्या अभ्यासक्रमावर, म्हणजे तीही जुन्या वर्षांशी सरळ जोडता येत नाही. कॉलेजच्या ऑनलाइन सेमिस्टर परीक्षांचं तर बोलायलाच नको. दोन वर्षांची तुलना करायचीच असेल तर दोन्ही वेळी तीच चाचणी, तसाच वेळ, तसंच पर्यवेक्षण हवं.

लॉकडाऊन म्हणजे ऑनलाइन शिक्षण नव्हे

मार्च २०२० मध्ये जे सुरू झालं त्याला अमेरिकेतल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी त्याच महिन्यात वेगळं नाव दिलं, आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन. रात्रीतून शाळा बंद झाली, सरांनी फळ्याचा फोटो काढून पाठवला, याला नीट आखून बनवलेल्या ऑनलाइन कोर्सच्या पंगतीत बसवता येत नाही. शिवाय त्या काळात घरात आजारपण होतं, पगार बंद होते, पोरं गावाला गेलेली होती. नेदरलँड्समध्ये तर घरोघरी ब्रॉडबँड, शाळाही आठच आठवडे बंद, तरी तिथल्या प्राथमिकच्या मुलांचं सरासरी तीन पर्सेंटाइलचं (शंभर मुलांच्या रांगेत तीन जागा मागे) नुकसान दिसलं आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं त्याहून जास्त. हा अभ्यास सगळेच उद्धृत करतात, पण तो शाळा बंद असण्याचा परिणाम सांगतो, ऑनलाइन पद्धतीचा नाही. तुमचा डेटा २०२०-२१ चा असेल तर शीर्षकातच तो काळ घाला.

उलट उदाहरणही आहे. बोट्सवानामध्ये त्याच काळात प्राथमिकच्या मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा एसएमएस आणि सोबत शिक्षकाचा साधा फोन असं केलं तर गणितात फरक पडला, नुसत्या एसएमएसने मात्र म्हणावा तसा पडला नाही. नेट नाही, ॲप नाही, व्हिडिओ नाही! "ऑनलाइन" हा एकच शब्द वापरून झूमचा तास, यूट्यूबची लिंक, दीक्षा ॲप आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा गृहपाठ सगळं एका पोत्यात भरू नका, तुमच्या शाळेत नक्की काय झालं ते अर्धं पान खर्च करून लिहा, किती मिनिटं, थेट की रेकॉर्डेड, शंका कधी विचारायच्या, वही कोण तपासत होतं.

अ तुकडी ऑनलाइन, ब तुकडी ऑफलाइन

प्रायोगिक अभ्यासातली ही आवडती रचना. आता आपल्याकडे अ तुकडी म्हणजे बहुतेक ठिकाणी सेमी इंग्रजीची, क्लास लावलेली, पालक मागे लागणारे, हे सगळ्या गावाला माहीत असतं फक्त प्रबंधात लिहिलेलं नसतं. मग अ तुकडी पुढे आली यात नवल काय. शक्य असेल तर एकाच तुकडीतल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर निदान पूर्वचाचणी घ्या आणि विश्लेषणात सहप्रचरण विश्लेषण (ANCOVA) वापरा म्हणजे सुरुवातीचा फरक थोडा तरी वजा होतो. दोन्ही गटांना शिक्षकही एकच हवा, नाहीतर तुलना दोन शिक्षकांची होते.

नियंत्रित गटच, म्हणजे नेहमीसारखं शिकवलेला तुलनेचा गटच, नसेल तर काय होतं बघा. समजा तुमच्या गटाचे २५ पैकी सरासरी गुण १२ वरून १६ झाले, टी-टेस्ट सार्थक आली (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही), तुम्ही खूश. पण साधं वर्गात शिकवलेल्या मुलांचे १२ वरून १५.५ झाले असते तर? शिकवल्यावर गुण वाढणारच हो. तुमच्या पद्धतीचा वाटा त्या अर्ध्या गुणाचा. आणि तो अर्धा गुणही मुलं तीनशे असतील तर सार्थक येऊ शकतो, म्हणून पी व्हॅल्यूच्या (सार्थकता दाखवणाऱ्या आकड्याच्या) शेजारी परिणामाचा आकार, म्हणजे फरक किती मोठा आहे ते, द्याच.

एक जमलेला नमुना सांगतो. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, प्रवेश लॉटरीने दिले होते म्हणून तुलना स्वच्छ होती, साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापात) वाढ दिसली. भारी निकाल आहे. पण आपले लोक तो "सॉफ्टवेअरने गणित सुधारते" असा लिहून टाकतात. मुलं शाळा सुटल्यावर केंद्रात यायची, आठवड्यातले सहा दिवस रोज दीड तास, त्यातला निम्मा वेळ सॉफ्टवेअर आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता. वेळच जास्त मिळाला होता!

हीच गोष्ट अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या अहवालाची. १९९६ ते २००८ मधले हजारावर अभ्यास चाळून निकषात बसणारे जेमतेम पन्नास निष्कर्ष हाती लागले, ऑनलाइन आणि वर्ग यांचं मिश्रण नुसत्या वर्गापेक्षा सरस दिसलं, पण तिथेच लेखकांनी बजावलंय की त्या मुलांना बहुतेक वेळा जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं. शिवाय त्यात शाळेतल्या मुलांवरचे अभ्यास अगदी मोजके, बाकी सगळे कॉलेज आणि नोकरदारांचे. आठवीच्या वर्गाच्या प्रबंधात हा संदर्भ टाकायचा तर हे सांगून टाका. अमेरिकन शिक्षणसंशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ सालीच म्हटलं होतं की किराणा ट्रकने आला म्हणून जेवणाचं पोषण वाढत नाही, तसं माध्यमाचं आहे. सगळ्यांना ते पटलं नाही, वादही बरेच झाले, पण प्रबंधात निदान या वादाचा उल्लेख तरी हवा.

आकडे उचलायच्या आधी

"ऑनलाइन शिकल्यास २५ ते ६० टक्के लक्षात राहते, वर्गात फक्त ८ ते १० टक्के", हे वाक्य असंख्य प्रबंधांत, पीपीटीत आणि कोचिंगच्या जाहिरातीत आहे. मूळ अभ्यास शोधायला जा, एक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, हाती काही लागत नाही. तसंच ते डेलच्या अनुभव शंकूचं (शिकण्याच्या अनुभवांची शंकूच्या आकाराची आकृती), वाचलेलं १० टक्के, करून पाहिलेलं ९० टक्के वगैरे. एडगर डेल यांनी १९४६ ला शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती, ती मागाहून कुणीतरी चिकटवली. बी.एड.च्या गाईडमध्ये छापलंय म्हणून लिहू नका, शोधगंगावरच्या (भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या) दुसऱ्या प्रबंधात आहे म्हणूनही नको. मूळ पेपर उघडून निदान सारांश आणि न्यादर्श वाचल्याशिवाय संदर्भसूचीत नाव जाऊ नये.

आणि शेवटचं प्रकरण

शिफारशी लिहिताना सगळ्यांना जोर येतो. शासनाने प्रत्येक विद्यार्थ्यास टॅब द्यावा, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, पालकांनी लक्ष द्यावे. तुमच्या अभ्यासात टॅब होता का? पालकांना काही विचारलं होतं का? नसेल तर ते वाक्य खोडा. प्रत्येक शिफारशीपुढे कंसात तक्ता क्रमांक लिहून बघा, ज्या शिफारशीला क्रमांक सापडत नाही ती काढून टाका, मग दहाच्या तीन उरल्या तरी चालतील, व्हायवात त्या तिन्हींवर बोलता येईल.