दूध कमी की पान्हा अडलाय? अंगावर पाजताना या चुका टाळा

"दूध पुरत नाही" म्हणून आलेल्या आईला मी आधी एकच विचारते: दूध बनत नाही की बाहेर येत नाही? बहुतेक जणी गोंधळतात. खरं तर आपल्या भाषेने हा फरक कधीच करून ठेवलाय. दूध येणं वेगळं, पान्हा फुटणं वेगळं.

दूध बनवायचं काम प्रोलॅक्टिन या हार्मोनचं. एरवी मेंदूतलं डोपामाइन त्याला लगाम घालून असतं. बाळ चोखायला लागलं की लगाम सैल होतो, अर्ध्या-पाऊण तासात प्रोलॅक्टिन चढतं आणि पुढच्या वेळचं दूध तयार व्हायला लागतं. पान्हा ऑक्सिटोसिनचा. दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवती स्नायुपेशींचं जाळं असतं, ते हे हार्मोन आवळतं आणि दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. प्रोलॅक्टिनला चोखणंच लागतं. ऑक्सिटोसिन मात्र बाळाच्या नुसत्या रडण्यानेही येतं, आणि दुखणं, भीती, ताण यांनी तितक्याच सहज अडतं. तक्रार एकाची आणि इलाज दुसऱ्यावर, इथूनच निम्म्या चुका सुरू होतात.

पहिल्या दोन दिवसांतली घाई

चीक गरोदरपणाच्या मध्यापासूनच तयार होत असतो. पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन भरपूर दूध बनू देत नाही. वार पडली की ते झपाट्याने उतरतं, आणि साधारण २ ते ४ दिवसांत छाती भरून येते. तोवर बाळाला मिळतो तो चमचा-चमचा चीक, आणि निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा तेवढा पुरतो. "अजून दूध उतरलंच नाही" म्हणत याच दिवसांत बाटली तोंडात जाते. बाळाची साखर किंवा वजन उतरलंय म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर ते जरूर द्यायचं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण नुसत्या धास्तीने नको.

सिझेरियन, पहिलटकरीण, मधुमेह असेल तर एखादा दिवस उशीर होतो. पाचव्या दिवशीही छातीत काही फरक नसेल तर मात्र वाट बघू नका. वारेचा तुकडा आत राहिला असेल तर प्रोजेस्टेरॉन उतरतच नाही. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला असेल तर क्वचित पिट्युटरीलाच, म्हणजे प्रोलॅक्टिन जिथून येतं त्या मेंदूच्या तळाच्या ग्रंथीलाच, इजा होते आणि दूध न येणं ही त्याची पहिली खूण असते.

"छाती भरू दे, मग पाजते"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्तन म्हणजे टाकी नव्हे. सुरुवातीचे आठवडे सरले की कारभार हळूहळू स्तनांच्या स्वतःच्या हातात जातो. दूध साचून राहिलं की पेशी वेग कमी करतात, निघून गेलं की वाढवतात. बाळ एकाच बाजूला पीत राहिलं तर दुसरी बाजू आटते. रक्तातले हार्मोन तर दोन्हीकडे सारखेच पोचतात! म्हणजे प्रत्येक बाजूचा हिशोब स्वतंत्र.

वरच्या दुधाची एक बाटली म्हणजे अंगावरचं एक पाजणं चुकलं, तेवढं दूध साचलं, तेवढा वेग मंदावला. दुसऱ्या दिवशी खरंच कमी भरतं आणि बाटली वाढते. बाटली द्यावीच लागली तर त्या वेळेला पंपाने किंवा हाताने दूध काढून टाका. सुरुवातीला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं होतं, घड्याळ लावून नव्हे, बाळ मागेल तसं. रात्रीचं पाजणंही गाळू नका, प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं.

पंपाच्या बाटलीवरून अंदाज

बारा दिवसांचं बाळ घेऊन एक आई आली होती. फोनमध्ये बाटल्यांचे फोटो: १५ मिली, २० मिली. मी तिला तिथेच पंप लावायला सांगितलं. नजर बाटलीवरच्या रेघांवर खिळलेली, खांदे कानापर्यंत चढलेले. सात-आठ मिनिटं थेंब थेंब. मग मी बाटलीवर एक मोजा चढवला आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. ते जरा कुरकुरलं, आणि थोड्या वेळाने मोज्याच्या आत बारीक धार लागल्याचा आवाज आला. दूध तिच्याकडे आधीही होतंच.

दूध पुरतंय का हे बाळावरून बघा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा ओले लंगोट, पिवळी शी, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माइतकं वजन परत. सहाएक आठवड्यांनी छाती मऊ लागते, तेव्हाही घाबरायचं कारण नाही. मागणी आणि पुरवठा जुळले, इतकंच. स्तनांच्या आकाराचाही दूध बनण्याशी फारसा संबंध नाही, तो बराचसा चरबीचा.

नुसतं टोक तोंडात

पाजताना कळ येत असेल तर बाळाची पकड बघा. स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी. उथळ पकडीने दूध नीट निघत नाही, चिरा पडतात, दुखण्याने पान्हा अडतो. सोसत बसू नका. बोट घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

गाठ रगडणं

छाती गच्च झाली की जोरजोरात चोळून, पंपाने पार रिकामी करायची सवय अजून गेलेली नाही. चोळल्याने सूज वाढते, आणि जास्तीचं काढल्याने दूध आणखी बनतं. बाळाला नेहमीसारखं पाजा, थंड शेक द्या. ताप आला, लाली पसरली तर डॉक्टर गाठा.

औषधांकडे दुर्लक्ष

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, सर्दीच्या औषधांतल्या स्यूडोएफेड्रिननेही. त्यामुळे दुकानातून गोळी घेताना आपण पाजतोय हे सांगा. दूध वाढवणारी म्हणून मैत्रिणीने सुचवलेली डॉमपेरिडोन स्वतःहून सुरू करू नका. ती डोपामाइन अडवून प्रोलॅक्टिन चढवते, पण काही जणींमध्ये हृदयाचे ठोके बिघडवू शकते. आणि पकड चांगली, पाजणं भरपूर, तरी बाळाचं वजन हलत नसेल, तर थायरॉइड तपासून घ्या आणि छातीवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पिण्यासाठीसुद्धा जागं न होणारं सुस्त बाळ मात्र त्याच दिवशी दाखवायचं.